मधली चार पानं

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. एवढं लांबलचक पत्र तू मला तुझं लग्न ठरलं तेव्हाही लिहिलं नव्हतंस, तेव्हा एका कार्डावर भागवलं होतंस. मी चष्मा पुसला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि हौसेनं वाचायला बसले. पहिल्या कागदावर कॉमिक्स. दुसऱ्यावर कॉमिक्स. हातमोजे घालून धर, रबरबँड लावू नकोस, उन्हात काढू नकोस, कोपरे दुमडले असतील तर आपल्या मनानं सरळ करायला जाऊ नकोस. आणि चौथ्याच्या शेवटी, सही झाल्यावर उरलेल्या चिमूटभर जागेत, तिरक्या अक्षरात लिहिलंयस की तुझा गुडघा कसा आहे. गुडघा तसाच आहे. त्याला कुणी हातमोजे घालून हात लावत नाही.

राग आला, लपवत नाही. तुझ्या भावोजींनी माझा चेहरा पाहिला आणि चहाचा कप घेऊन गुपचूप बाहेरच्या खोलीत गेले. अडतीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतो. तू लिहितोस, आता निवृत्त झालो, हाताशी वेळ आहे, तर लहानपणी बाबांनी माझ्यासाठी घेतलेले कप्तानाचे चोवीस अंक ग्रेडिंगला पाठवावेत का. म्हणजे तिथली जाणकार माणसं ते तपासणार, दहापैकी गुण देणार आणि एकेक अंक पारदर्शक डबीत कायमचा बंद करून देणार. विकायचे नाहीत, नुसते जपायचे. तुझ्या बायकोनं तर बैठकीच्या खोलीतली भिंतही ठरवून टाकली आहे. छान. आणि वर हे, की ताई, इतकी वर्षं तू सांभाळलेस, तेव्हा तू म्हणशील तसंच करू. अरे मेल्या, आजवर मला विचारून तू काय केलंस? बाबांचं बाइंडिंगचं दुकान बंद करायचं ठरलं, ते मला यंत्रं न्यायला टेंपो आला तेव्हा कळलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं मत हवंय, ते कशाबद्दल, तर एक कप्तान आणि त्याचा एका डोळ्याचा कुत्रा. बरं. विचारलंयस ना, मग सगळं ऐक. अर्ध्यावर उठून जाऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

आई गेल्यावर तुझ्या अंकांची ती पत्र्याची पेटी माझ्याकडे आली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी तुझा फोन येतो आणि तुझा पहिला प्रश्न असतो, पेटी कोरडी आहे ना? मग कापराच्या वड्या बदलल्यास का, झुरळं नाहीत ना, माळ्याला ओल नाही ना. एवढं झालं की मग मी, मग भावोजी. तुला आठवत नसेल, पण एकदा नळ फुटून घरात घोटाभर पाणी झालं होतं. पेटी तेव्हा पलंगाखाली असायची, मी धावत जाऊन आधी ती वर चढवली, आणि तेवढ्यात खालच्या कप्प्यातला माझ्या लग्नाचा आल्बम भिजून त्याचा लगदा झाला. फोनवर तू म्हणालास, नशीब, पेटी वाचली. आल्बमचं मी तुला सांगितलंच नाही. तुझे भावोजी गमतीनं म्हणतात, घराला आग लागली तर ही मला जिन्यात सोडेल आणि पेटी घेऊन खाली उतरेल. मीही हसते. पण खरं सांगू? मला त्या पेटीचा हेवा वाटतो. चौसष्ट वर्षांची बाई पत्र्याच्या पेटीवर जळते, हस हवं तर.

तरीपण तुझं काम म्हणून बुधवारी एका दुकानदाराकडे जाऊन आले. जुन्या कॉमिक्सचा व्यवहार करणारा माणूस, कापडबाजाराच्या मागे दुसऱ्या मजल्यावर बसतो. माझ्या गुडघ्यानं त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला शिव्या घातल्या. मी फक्त पहिला आणि दुसरा अंक नेला होता. बाकीचे का नेले नाहीत ते पुढे येईलच. त्यानं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, दिवा खाली ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि तुझ्या अंकावर असा वाकला की मला वाटलं, आता जीभ बाहेर काढा म्हणतोय. कोपरे बघितले, पाठीवरच्या बारीक रेषा मोजल्या, पिनांना गंज आहे का ते बघितलं, कागद नाकाशी नेऊन हुंगलासुद्धा. मग म्हणाला, बाई, हे कुणी ठेवलेत? इतके स्वच्छ अंक मी दहा वर्षांत पाहिले नाहीत. मी म्हटलं, मीच ठेवलेत. तर मान हलवली आणि पुन्हा अंकाकडेच बघायला लागला. त्यानं सगळं समजावलं. तिथे एकेक पान मोजतात. एखादं पान नसेल, कुणी पिना उघडून परत बसवल्या असतील, तर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि एकदा डबी बंद झाली की उघडायची नाही, उघडली की गुण गेले. मी विचारलं, मग वाचायचं कसं? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विचारलं, दात घासायचे कसे. म्हणाला, वाचायला कोण घेतं हो?

परत येताना बसमध्ये मनाशी म्हटलं, मलाही कुणी दहापैकी गुण द्यावेत. कोपरे बोथट, पाठीला बाक, पिनांना गंज, पानं पिवळी. तीन मिळाले तरी खूप झाले.

आता मूळ गोष्ट. तू पाच वर्षांचा होतास आणि मी अकरा. तुला तो सांध्यांचा ताप आला, तो हृदयावर गेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, पोरगं आडवं राहील, उठून बसायचंसुद्धा नाही. दोन वर्षं तू मागच्या खोलीत उताणा पडून होतास, काडीसारखा. बारक्या हे नाव तेव्हाचं, आता तुझ्या पोटाकडे बघून कुणाचा विश्वास बसणार नाही. त्या दोन वर्षांत घरातली प्रत्येक चांगली वस्तू आधी तुझ्या खोलीत जायची. मऊ उशी, दुधावरची साय, खिडकीतलं ऊन. आई दिवसभर शिवणयंत्रावर, मधूनमधून उठून तुझ्याकडे. मी शाळेतून आले की भांडी, मग दुकानात बाबांच्या हाताखाली, मग परत भांडी. मी धडधाकट होते ना, तोच माझा गुन्हा. आजारी पडायचा मी किती प्रयत्न केला तुला माहीत नाही. तुझ्या पेल्यातलं उरलेलं दूध प्यायचे, ओल्या केसांनी गच्चीवर वाऱ्यात उभी राहायचे. मेली साधी सर्दी होईना! लोकांना पोरगी ठणठणीत याचं कौतुक, आणि मला रडू यायचं.

आणि मग ते कप्तानाचे अंक सुरू झाले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी बसथांब्यावरच्या पेपरवाल्याकडून अंक आणायचा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून, न उघडता. वाटेत बघायचासुद्धा नाही, तुझ्यासाठी कोरा करकरीत राहायला हवा म्हणून. संध्याकाळी बाबा दुकान बंद करून यायचे, साबणानं दोनदा हात धुवायचे आणि तुझ्या उशाशी बसून अंक वाचायचे. आपले बाबा, बारक्या! जेवताना मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवणारा माणूस. तुझ्या खोलीत कप्तानाचा आवाज काढायचा, कुत्र्याचं भुंकणं काढायचा, वादळ आलं की तोंडानं वारा वाहवायचा. मी हातात ओलं भांडं घेऊन दारात उभी. मला कुणी जा म्हणालं नाही, हे खरं. पण ये, बस, असंही कुणी म्हणालं नाही. माझ्या अकरा वर्षांत बाबांनी मला एक गोष्ट सांगितली नव्हती. कागदाची घडी कशी घालायची, शिवणीचा दोरा किती ओढायचा, खळ किती घट्ट हवी, एवढंच बोलणं. माझा असा जळफळाट व्हायचा की पोटात खरोखर दुखायचं. आईनं त्यावर मला ओवा दिला होता.

तिसऱ्या अंकाच्या वेळी मी ते केलं. शनिवारची दुपार, बाबा कुठल्याशा कचेरीत वह्या पोचवायला गेले होते आणि दुकानात मी एकटी. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसले, अंक पालथा केला, मधोमध उघडला. बाबांच्या बोथट सुरीनं दोन्ही पिनांचे पाय हळूच उभे केले, मधला कागद उचलून घेतला आणि पाय परत दाबून टाकले. एक कागद, म्हणजे चार पानं. बाइंडरच्या पोरीचा हात, कुठे सुरकुती नाही की ओरखडा नाही. ती चार पानं मी तिथेच बसून तीनदा वाचली. आधी नाही, नंतर नाही, नुसतं मधलंच. कप्तान कुठून पडला आणि कुठे चाललाय याचा पत्ता नाही, पण ती पानं माझी होती. तुझ्या आधी माझी. फ्रॉकच्या आत पोटाशी लावून घरी आणली. मला वाटलं, आता संध्याकाळी गोष्टीला भोक पडेल, बाबा अडखळतील, तू रडशील, आणि आपल्या घरात एकदा तरी तुझ्या वाट्याला कमी येईल. हो, हेच वाटलं होतं. अकरा वर्षांची असले तरी मला कळत होतं मी काय करतेय.

आणि माझी अक्कल बघ. जो माणूस दिवसाला शेकडो वह्या अंगठ्यानं फडफडवून मोजतो, एक कागद कमी आला तर भरल्या ताटावरून उठतो, त्याला त्याची पोरगी एक कागद काढून फसवायला निघाली होती. बाबा वाचत वाचत मध्यावर आले. पान उलटलं. अंगठा घडीवर गेला आणि तिथेच थांबला. तू छताकडे बघत पडला होतास, पुढे काय, पुढे काय, करत होतास. बाबांनी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. माझ्याकडे. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. नीट पाहिलं, एवढंच सांगता येईल. मी पळत स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि कानात पाण्याच्या आवाजाशिवाय काही येऊ दिलं नाही. आता हाक येईल, आता मार बसेल. काही आलं नाही. बऱ्याच वेळानं नळ बंद केला तेव्हा तू खदखदून हसत होतास आणि बाबा शेवटचं पान वाचत होते. मला वाटलं, बाबांनी ती पानं गाळली आणि कसंबसं जोडून पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात एक शब्द नाही. त्यानंतर कधीच नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं ना मी? नाही थांबले. पुढच्या महिन्यात परत तेच केलं, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात. तिसऱ्यापासून चोविसाव्यापर्यंत, बावीस अंक. तुला वाटेल हा सगळा द्वेष. पहिल्या वेळी होता. नंतर मला ती पानं नकोच होती बारक्या, कप्तान मला डोळ्यांसमोर नको असायचा. मला ती नजर हवी होती. महिन्यातून एकदा, पान उलटता उलटता, बाबा मान वर करून माझ्याकडे बघायचे. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. तेवढं एक आमच्या दोघांतलं होतं आणि त्यात तू नव्हतास. पण नजर पडली की मला उभं राहवायचं नाही. दर वेळी पळायचे, दर वेळी नळ सोडायचे. आई म्हणायची, या पोरीला पहिल्या शनिवारीच भांडी घासायचा एवढा उत्साह कुठून येतो.

मग तू बरा झालास आणि अंकांकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. गल्लीत चेंडू, गुडघे फुटलेले, घरात पाय ठरेना. तुला वाचता यायला लागेपर्यंत बाबांनी चोवीसही अंक खाकी कागदात बांधून पेटीत टाकले होते, वर दोरा, दोऱ्याला गाठ. त्यांना हात लावू नका, खराब होतील, एवढंच म्हणाले. तू पुढे शिकायला गेलास, नोकरी, लग्न, आणि पेटी तुझी देवघरातली वस्तू होऊन बसली. तू ती कधी उघडून वाचली नाहीस याबद्दल मी किती वेळा सुटकेचा श्वास सोडलाय, मोजदाद नाही.

आता तुझ्या पत्राचा तिसरा कागद. तो वाचून मी उठून उभी राहिले, गुडघ्यासकट. तू लिहितोस, नववा अंक सगळ्यात आधी पाठवायचा, कारण त्यात दीपगृहाचा प्रसंग आहे. दिवा विझलाय, कप्तानाचं जहाज खडकांकडे चाललंय, आणि कुठूनशी एक पोरगी दोनशे पायऱ्या चढून जाते आणि कंदील डोक्यावर धरून पहाटेपर्यंत उभी राहते. हात भरून येतात तेव्हा कप्तानाला शिव्या देते, पण कंदील खाली ठेवत नाही. मग तू लिहितोस, ती पोरगी तुला आठवते का ताई? प्रत्येक अंकात मध्यावर कुठून तरी उगवायची, पुढचा अर्धा दात तुटलेली, फटकळ, कुणाच्या बापाला न घाबरणारी. कप्तानाला संकटातून काढायची आणि गायब व्हायची, आणि नंतर तिचं नाव कुणी काढायचं नाही. तू म्हणतोस, तुला लहानपणी कप्तानाचा राग यायचा, साधे आभार मानत नाही म्हणून. तुला कप्तानापेक्षा तीच जास्त आवडायची. म्हणून डबीत बंद व्हायच्या आधी तिचं चित्र असलेल्या एखाद्या पानाचा फोटो काढून पाठव, नातीला दाखवायचाय.

मी कपाटातली माझी फाइल काढली. हो, ते बावीस कागद अजून आहेत माझ्याकडे, इस्त्री केल्यासारखे सपाट. नवव्या अंकाचा कागद काढला. शार्क मासे आहेत. कप्तान दातांत सुरा धरून पोहतोय, कुत्रा काठावर भुंकतोय, चारही पानांवर तेच. दीपगृह नाही, कंदील नाही. मग मी सगळे बावीस कागद जमिनीवर पसरले आणि पेटी उतरवून चोवीसही अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले. भावोजी दारात येऊन बघून गेले. पोरगी नाही, बारक्या. कुठल्याच अंकात नाही. त्या अंकांत मुळी बाईमाणूसच नाही, सगळे मिशावाले. बाबांनी पानं गाळली नव्हती. दर महिन्याला, उघड्या अंकाकडे बघत, ते तुला आपल्या मनातलं सांगत होते. आणि दाताचं सांगते. त्या वर्षी दुकानातल्या प्रेसच्या चाकावर आपटून माझा पुढचा अर्धा दात तुटला होता. वर्षभरानं बसवून दिला, तुझ्या लक्षात असायचं कारण नाही. मी असं म्हणत नाही की ती मीच. बाबा असताना विचारलं असतं तर कदाचित म्हणाले असते, छे, गोष्टीला कुणीतरी लागतं. पण दात माझाच होता.

हे कळल्यावर माझ्यात मोठेपणा आला असं समजू नकोस. मी जळून खाक झाले. पन्नास वर्षं मला वाटत होतं, मी चोर खरी, पण निदान माल माझ्याकडे आहे. माझ्याकडे काय आहे? शार्क मासे! आणि तू उताणा पडल्या पडल्या बावीस गोष्टी घेऊन गेलास, ज्या जगात दुसऱ्या कुणापाशी नाहीत. मी त्या पोरीवरसुद्धा जळले. तिला बाबांनी दोनशे पायऱ्या चढवलं, कंदील दिला, शिव्या द्यायची मुभा दिली. आणि मी चार पावलांवर नळ सोडून उभी.

गुरुवारी दुपारी मी नवव्या अंकात तो कागद परत बसवला. हात विसरला नव्हता, पिनांचे पाय आपापल्या भोकांत जाऊन बसले. मी मनाशी हिशेब केला. सगळे कागद परत बसवावे, तुला म्हणावं पाठव बिनधास्त. त्या तपासनिसांनी पिना उघडल्याचं ओळखलं तर गुण कापतील, कापू देत, लहानपणी मीच दुकानात पिनांशी खेळले असेन म्हणता येईल. फोटोचं काय, कॅमेरा बिघडला. एकदा डबी बंद झाली की तू उघडणार नाहीस, तुझी ती कंदीलवाली पोरगी तुझ्यापाशी, माझी चोरी माझ्यापाशी, आणि अंक भिंतीवर. तासभर मी तशी बसून होते. मग कागद परत काढला. प्रामाणिकपणा म्हणून नाही, खोटं कशाला बोलू. ती पोरगी कायमची एकट्या तुझी राहील, हे मला सहन होईना.

म्हणून हे पत्र. ग्रेडिंगचं माझं उत्तर, आत्ता नाही. आधी तू इकडे ये. एकटा ये, बायकोला म्हणावं पुढच्या खेपेला. रागवायचं असेल तर येऊन रागव, तुझा हक्क आहे, मी ऐकून घेईन. नंतर मी सगळी पानं तुझ्या हवाली करते, मग बसवून पाठव, न बसवता पाठव, भिंतीला लाव, मी चकार शब्द काढणार नाही. पण त्याआधी आपण दोघं बसू. मी तिसऱ्या अंकापासून वाचायला घेईन आणि मध्यावर आले की थांबेन, आणि तिथून पुढे तू सांगायचं. जेवढं आठवेल तेवढं, जसं आठवेल तसं, कुत्र्याच्या आवाजासकट. ही गोष्ट बाबांना विचारायचं मला कधी सुचलंच नाही, आणि आज तुला विचारायचं तर आधी चोरी कबूल करायला लागत होती. ती केली. आता ये, आणि मला सांग ती काय काय करायची. बावीस वेळा बाबा तिच्याबद्दल बोलले, आणि त्यातलं एक अक्षर मी ऐकलेलं नाही.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तुझीच
ताई